पोळ्याची कर आणि तीन महिन्यांची मुदत

११ डिसेंबर २०२३, सोमवार. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू असल्याने आमच्या तालुक्यातील कार्यालयांच्या अनेक खुर्च्या रिकाम्या होत्या आणि जे कर्मचारी जागेवर होते, ते तारांकित प्रश्नांसाठी माहिती जुळवण्यात गुंतले होते. मी तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. त्या दिवशी दुपारी एक बाई घडी घातलेला अर्ज घेऊन आमच्या टेबलाशी आल्या. घडलेला प्रकार मी येथे लिहिणार नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ याच्या कलम १६ नुसार तक्रारीतील मजकूर आणि संबंधितांची ओळख प्रसिद्ध करता येत नाही, म्हणून विदर्भातील या तालुक्याचे नाव मी देत नाही आणि कामाचे ठिकाणही बदलून लिहीत आहे. पुढे त्यांना न्याय मिळाला. तेवढे सांगण्याची मोकळीक ते कलम देते.

बाई एका दाल मिलमध्ये वेचणीच्या कामाला होत्या. मालकाला विरोध केल्यानंतर त्यांना वेचणीवरून काढून चुनी-भुशाचे कट्टे उचलायला लावले गेले आणि दसऱ्यानंतर "आता काम नाही" असे सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालापासून अशा छळाकडे स्त्रीच्या समानतेच्या हक्काचा भंग म्हणून पाहिले जाते. नकाराची किंमत कामात आणि रोजीत वसूल करणे हा भेदभाव आहे, हे त्या कट्ट्यांकडे पाहून कोणालाही कळावे. सात बायका आणि दोन गडी, असे एकूण नऊ कामगार. दहापेक्षा कमी कामगार असतील तेथे अंतर्गत समिती, म्हणजे त्या ठिकाणची स्वतःची तक्रार समिती, नसते, शिवाय तक्रार खुद्द मालकाविरुद्ध होती. त्यामुळे हे प्रकरण दोन्ही कारणांनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाणारे होते. ग्रामीण भागात अशा तक्रारी स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवण्यासाठी तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमलेला असतो.

त्या कार्यालयात बाई ३० नोव्हेंबरलाच जाऊन आल्या होत्या. अर्जनवीसाकडून लिहून घेतलेला अर्ज तेथील लिपिकाने वाचला आणि मुदत संपली असे सांगून परत दिला. कायद्यात घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे आणि अर्जात लिहिले होते, "ऑगस्ट महिन्यात, पोळ्याच्या करीला." कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस.

मी तो अर्ज दोनदा वाचला आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, त्यामुळे त्या वर्षी पोळा महिनाभर पुढे सरकून १४ सप्टेंबरला आला आणि कर १५ तारखेला. आदल्या वर्षीचा पोळा ऑगस्टच्या अखेरीस होता. अर्जनवीसाने त्याच आठवणीवर महिना लिहून टाकला असावा. बाईंनी त्याला महिना सांगितलाच नव्हता. मी विचारले, तेव्हाही त्या एवढेच म्हणाल्या, "महिना मले नाही सांगता येत, मॅडम. पोळ्याच्या करीले झालं, हे पक्कं हाय." म्हणजे मुदत १५ डिसेंबरपर्यंत होती आणि आमच्या हातात चार दिवस होते.

अर्जनवीसाची चूक मी समजू शकते. परत पाठवणाऱ्या लिपिकाची मात्र समजू शकत नाही. पोळा कधी झाला, हे त्या कार्यालयात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, कारण अडीच महिन्यांपूर्वीच प्रत्येकाने तो पाहिला होता. तरीही कागदावरचा "ऑगस्ट" हा शब्द त्यांना "पोळा" या शब्दापेक्षा खरा वाटला. त्याहून गंभीर बाब अशी की, मुदतीचा निर्णय घेण्याचा अधिकार त्या टेबलाला नाहीच. उशीर झालेला असला तरी, तक्रारदार स्त्रीला वेळेत येणे शक्य नव्हते अशी खात्री पटल्यास, कारणे लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवण्याचा अधिकार समितीला दिलेला आहे. ती तक्रार समितीपर्यंत पोहोचलीच नाही, तर तो अधिकार वापरणार कोण?

कामावरून काढल्याची तारीख शेवटची घटना धरून मुदत मोजण्याचा विचार माझ्या मनात आला होता. परंतु त्यावर आक्षेप येऊ शकतो, हे ओळखून मी कर हीच तारीख पक्की करण्याचे ठरवले. नवा अर्ज मी स्वतः लिहिला. तक्रारदाराला लिहिता येत नसेल तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी तिला तक्रार लेखी करण्यास सर्व वाजवी साहाय्य करावे, असे कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. ते साहाय्य तालुक्याच्या ठिकाणी सहसा पोहोचत नाही, म्हणून हे काम आमच्याकडे येते. साक्षीदारांच्या रकान्यापाशी बाईंनी माझा हात धरला. "त्याइचे नाव नका लिहू, त्याइची बी रोजी जाईन." मी तेथे "साक्षीदारांची नावे चौकशीच्या वेळी समितीसमोर सादर केली जातील" असे लिहिले. तो रकाना भरायला हवा होता का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

अर्ज झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवण्याचा माझा नियम आहे. मी वाचत गेले, त्या मान हलवत गेल्या, आणि पहिले पान संपताच त्यांनी मला थांबवले. "नातवाच्या नंदीचं कायले काढलं, मॅडम?"

सांगताना त्या म्हणाल्या होत्या की, त्या संध्याकाळी तान्ह्या पोळ्यात, म्हणजे मुलांच्या लाकडी नंदींच्या पोळ्यात, नातवाला न्यायचे होते, पोराने लाकडी नंदीला बेगड लावून, गळ्यात माळ घालून दुपारपासून दाराशी ठेवला होता, आणि त्या घरी पोहोचल्या तेव्हा दिवे लागले होते, तान्हा पोळा फुटून गेला होता. कायद्याच्या दृष्टीने हा मजकूर अनावश्यक आहे, असे समजून मी तो गाळला होता. अर्ज नेमका असावा, त्यात घरगुती पाल्हाळ नसावा, असे मीच नव्या स्वयंसेवकांना शिकवत आले आहे. पण त्या संपूर्ण कागदात तारीख सिद्ध करणारे वाक्य तेवढे एकच होते. तान्हा पोळा करीलाच असतो. तो दिवस बाईंच्या मनात ज्या खुणेने पक्का होता, ती खूणच मी खोडली होती. मी पान पुन्हा लिहिले आणि नंदी परत अर्जात आला.

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात. तीन पाने, सहा प्रती, प्रत्येक पानावर अंगठा. डाळ वेचून वेचून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की शाईचा नुसता गोल ठसा उमटत होता. रेशन दुकानातील मशीनही त्यांचा अंगठा सहज घेत नाही, असे त्या म्हणाल्या. ओल्या फडक्याने अंगठा पुसायचा, वाळू द्यायचा, शाईवर हलकेच टेकवायचा आणि न दाबता कागदावर ठेवायचा, असे अठरा वेळा केले. त्यातल्या अकरा ठशांत रेषा दिसल्या. प्रत्येक ठशाखाली मी ओळख पटवल्याची सही केली.

नोडल अधिकारी अधिवेशनाच्या कामासाठी नागपूरला होते. मी आवक टेबलावर अर्ज ठेवला, दिनदर्शिकेचे पान उघडून दाखवले आणि तक्रार स्वीकारून पुढे पाठवण्यापुरतेच येथले काम आहे, हे शांतपणे सांगितले. पावणेसहाला शिक्का बसला, आवक क्रमांक पडला आणि पोच बाईंच्या हातात आली.

निघताना मी लिपिकाला विचारले की, या वर्षात अशा किती तक्रारी मुदतीच्या कारणावरून परत दिल्या. त्यांनी आवक नोंदवही माझ्यापुढे सरकवली. तीत एकही नव्हती. परत दिलेल्या कागदाला आवक क्रमांक दिला जात नाही. त्या आधी किती जणी आल्या, त्यांचे दिवस कोणत्या सणाने सांगितलेले होते आणि त्या मुदतीत होत्या की नाही, हे कोणत्याही वहीतून काढता येत नाही.