पावसाआधीची चौपाटी

मे संपत आला की मुंबईत नुसता घाम, मान्य, पण सकाळी सहाच्या आत गिरगाव चौपाटीवर जाऊन बघा, नैऋत्येचा वारा सुटलेला असतो आणि त्यात एक ओल असते जी एप्रिलमध्ये अजिबात नसते. आज आईला घेऊन गेलो. टिळकांच्या पुतळ्यापाशी ती नेहमीप्रमाणे हात जोडून उभी राहिली, १९२० साली इथेच वाळूत त्यांचे अंत्यसंस्कार झाले ना, तिच्या आजोबांनी तिला लहानपणी सांगितलेलं.

ओहोटी होती म्हणून चपला हातात घेऊन आम्ही पार ओल्या वाळूपर्यंत गेलो. तिथे इवल्या इवल्या खेकड्यांनी प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडून ठेवलेल्या, मोहरीएवढ्या, रांगेने! वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाणं काढून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून टाकायची, असं त्यांचं चाललेलं असतं, आपला पाय जवळ पडला की गुडुप. भरती आली की सगळं साफ आणि परत पहिल्यापासून. आई कितीतरी वेळ वाकून बघत होती, मी म्हटलं अगं कंबर दुखेल, तर म्हणे थांब रे, आत्ता येईल बाहेर.

मग सावकाश मलबार हिलचा चढ चढून हँगिंग गार्डन. वाटेत ताम्हण काय फुललंय, जांभळ्या चुरगळलेल्या पाकळ्यांचा खाली सडा, आपलं राज्यफूल आहे हे, तरी लोक तुडवत जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

बागेत लोक कापून केलेल्या झुडपांच्या प्राण्यांसमोर फोटो काढतात, समोरच्या बागेत म्हातारीचा बूट, म्हणजे ते बुटाच्या आकाराचं घर, बघायला जातात, पण खरी गंमत पायाखाली आहे. ही बाग १८८१च्या सुमारास पाण्याच्या टाकीवर केलीये, आजही दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी तिथूनच जातं. भातसा, तानसा असे शहापूरकडचे तलाव या दिवसांत तळाला गेलेले असतात, म्हणून मला ही बाग नेमकी आत्ताच बघावीशी वाटते, एका बाजूला एवढा समुद्र आणि पिण्यासाठी मात्र सगळं शहर ढगांकडे डोळे लावून.

मुंबईत पावसाची तारीख ११ जूनच्या आसपासची, त्यामुळे जायचं तर याच आठवड्यात जा. ओहोटीची वेळ आधी बघून घ्या नाहीतर खेकडे दिसणार नाहीत, आणि आठच्या आत खाली उतरा, नंतर ऊन सोसत नाही.