लांडग्याचा जबडा पान उलटल्यावरच

परीकथेची चित्रकादंबरी करायला घेतली की पहिला प्रश्न चित्रांचा नसतो, कथेचं कोणतं रूप घ्यायचं याचा असतो. लाल टोपीवालीचंच बघा. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या कथेत लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. शिकारी येणं, लांडग्याचं पोट कापणं, त्यात दगड भरणं हे ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातलं. जुन्या कथा सगळ्यांच्या आहेत. नंतरच्या चित्रपटांनी घातलेली भर तशी नाही. हिमगौरीच्या बुटक्यांना ग्रिमकडे नावंच नाहीत. सगळ्यांना पाठ असलेली नावं डिस्नेच्या १९३७च्या चित्रपटातली. ती उचलू नका.

३२ पानांच्या पुस्तकात शीर्षक वगैरे वजा जाता २८ पानं हाती राहतात. सहा-सात वर्षांच्या वाचकाला पानावर चार-पाच चौकटी पुरेत, म्हणजे एकूण सव्वाशेच्या आसपास. आणि परीकथेला तर तिनाची खोड! राणी हिमगौरीकडे तीनदा जाते: आधी चोळीची नाडी, मग फणी, शेवटी सफरचंद. तोंडी सांगताना आवाज चढवून निभावतं. चित्रांत तिन्ही वेळा सारखीच जागा दिली तर मूल दुसऱ्याच फेरीला पानं पुढे ढकलतं. नाडीला दोन पानं द्या, फणी अर्ध्या पानात उरका (तेच दार, तोच कोन, म्हणजे ‘पुन्हा आली’ हे न लिहिताच कळतं) आणि वाचलेली जागा सफरचंदावर खर्च करा.

खरी मेख पान उलटण्यात आहे. ग्रिमच्या कथेत लाल टोपीवाली चार गोष्टी विचारते: कान, डोळे, हात, तोंड. चारही प्रश्न उजव्या, म्हणजे विषम पानावर घ्या. दर चौकटीत लांडगा जरा जवळ. तोंडाचा प्रश्न तळाच्या शेवटच्या चौकटीत. उत्तर पान उलटल्यावर. नेहमीची चूक अशी की प्रश्न डाव्या पानावर आणि झेप समोरच्या उजव्या पानावर. डोळा आधी मोठ्या चित्राकडेच जातो, प्रश्न फुकट. आठ कागद मधोमध दुमडून ३२ पानांची कच्ची वही करा आणि त्यात उलटून बघा. नंतर सुरुवातीला एक पान घुसवलंत तर पुढची सगळी विषम पानं सम होतात, म्हणून भर घालायची ती जोडीनंच.

संवादाच्या फुग्यांत वीसेक शब्दांपेक्षा जास्त नको. इंग्रजीसाठी आखलेले फुगे देवनागरीला अपुरे पडतात: खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. ओळींतलं अंतर वाढवा, म्हणजे फुगाही मोठा लागेल. म्हणून अक्षरं आधी मांडा, चित्र मागाहून. ओरडणं दाखवायला आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा ठळक आणि मोठा टाइप वापरा. आणि मुलगी जंगलातून चाललेली दिसत असताना वर ‘ती जंगलातून चालली होती’ ही पट्टी कशाला?

राहिली हिंसा. ‘पोट कापलं’ हे वाक्य मूल सहज ऐकतं, तेच चित्र त्याला झोपू देत नाही. एका चौकटीत कात्री, दुसरीत नुसता ‘कचक्’ आवाज, तिसरीत बाहेर डोकावणारी लाल टोपी. मधलं मूल स्वतःच्या बेतानं भरून घेतं.