पिंप नको, बर्फ हवा

पांढरी वाइन घरी करायची ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी ओकच्या पिंपाची चौकशी केली. नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, माझी अख्खी बॅच २५ लिटरची. नाद तिथेच सुटला. आता वाटतं, बरं झालं.

पहिल्या वर्षी ४० किलो शेनिन ब्लांक आणली, पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची एक जात. शेनिन निवडली ती भरघोस पिकते म्हणून, आणि पिकल्यावरही आंबटपणा सोडत नाही म्हणून. जात बरोबर निवडली, पुढचं सगळं चुकलं. द्राक्षं दुपारभर उकाड्यात पडून होती. मग ठेचली आणि सालीसकट रात्रभर ठेवली, कारण लाल वाइनचं तसं वाचलं होतं. सकाळी रस कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा तपकिरी. खोलीत २८ अंश, चार दिवसांत सगळी साखर खलास. जे तयार झालं त्याला अल्कोहोलचा वास होता, द्राक्षाचा नव्हता. नवऱ्याने एक घोट घेऊन शांतपणे विचारलं, "याने काचा पुसता येतील का गं?"

पांढऱ्या वाइनचे सुवास फार हलके असतात. उकाड्यात यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी, जोरात धावलं की कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर तेही उडून जातात. म्हणून दुसऱ्या वर्षी सगळे पैसे एका जुन्या फ्रिजवर आणि त्याला जोडायच्या थर्मोस्टॅटवर घातले.

आता द्राक्षं पहाटेची, गार असतानाच आणते. घड देठासकट दाबते, देठांमुळे रसाला वाट मिळते. दाबताना जीव आवरायचा, ही खरी कंजुषी. शेवटचे दोन लिटर पिळून काढायचा मोह होतो, पण त्यातच सालीचा कडवटपणा उतरतो. ते मी वेगळे ठेवते. रस निघाला की तो तपकिरी पडू नये म्हणून लगेच पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड. त्याच्या वजनात साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो, म्हणून २५ लिटरला ४० पीपीएमसाठी (लिटरला ४० मिलिग्रॅम) पावणेदोन ग्रॅम पुरतं. चमच्याच्या अंदाजाने टाकू नका, छोटा काटा घ्या. मग रस रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी खाली जाड साका, वर निवळ रस. निवळ तेवढा दुसऱ्या भांड्यात घ्यायचा. या एका रात्रीने जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याच महागड्या यीस्टने पडला नाही.

आंबवणं १४ अंशांवर. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर साखर संपत जाते तसा उतरतो; १.०९० वरून ०.९९४ पर्यंत उतरायला मागच्या खेपेला अठरा दिवस लागले. मुलगा रोज विचारायचा, "आई, माझी पाण्याची बाटली ठेवायला जागा कधी होणार?" सातव्या दिवशी सडक्या अंड्याचा वास आला. यीस्ट नायट्रोजनला उपाशी असलं की असं होतं. यीस्टचं खाद्य थोडं घातलं, दोन दिवसांत वास गेला. आता एक तृतीयांश साखर संपली की वासाची वाट न बघता घालते.

आंबवणं संपलं की गॅसचं पांघरूण जातं आणि हवा आत शिरते. कारबॉय, म्हणजे वाइन ठेवायची अरुंद गळ्याची मोठी बाटली, गळ्यापर्यंत भरलेला हवा. कमी पडलं तर लहान बाटल्यांत वाटून टाकते, अर्धं भांडं ठेवत नाही. सल्फाइटचा दुसरा डोस पीएच बघून; पीएच जितका कमी, तितकी वाइन आंबट. ३.३ ला मुक्त (वाइनमध्ये बांधला न गेलेला) सल्फर डायऑक्साइड २५ पीपीएमच्या आसपास चालतो, ३.६ ला जवळजवळ दुप्पट लागतो. आंबट रसाचा हा फायदा कोणी आधी सांगत नाही.

पिंपाने जो भरीवपणा येईल वाटलं होतं, तो मेलेल्या यीस्टच्या बारीक गाळाने दिला. तीन महिने वाइन त्याच गाळावर, आठवड्यातून एकदा हलकं ढवळायचं, जास्त नाही. ओकचे तुकडेही एकदा घालून पाहिले, लिटरला २ ग्रॅम. शेनिन गायब, फक्त लाकूड उरलं.

बाटलीत भरण्याआधी दोन आठवडे फ्रिज शून्याच्या जवळ नेते, टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे खडे खाली बसतात. मागच्या वर्षी घाईत ते राहिलं. एका पाहुण्याने पेल्याच्या तळाशी चकाकणारे कण बघून काच समजून पेला खाली ठेवला. मी दुसरा भरून दिला, तोही त्याने आधी उजेडात धरून पाहिला.