पत्रिकेत हात जोडायचे कसे?

लग्नसराई लागली की तालुक्याच्या बसस्टँडसमोर भाच्याच्या डीटीपीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी तिथं प्रुफं तपासायला जाऊन बसतो. निदान घरी तसं सांगतो. पूर्वी लोक वहीच्या पानावर मजकूर लिहून आणत, आता मोबाइलच पुढे धरतात. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून सगळं रीतसर, आणि शेवटी जोडलेले हात, गुलाब, लाल हृदय, फटाका, परत जोडलेले हात.

‘हे जसंच्या तसं पाह्यजे, भाऊ.’

इथून भाच्याचं डोकं फिरायला सुरुवात होते. त्याच्याकडे पत्रिका अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि कृतिदेव फाँटमध्येच लागते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला नि चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी जगभरची पद्धत, पेजमेकरच्या गावीही नाही, आणि इमोजी तर युनिकोडमध्ये आले २०१० च्या ऑक्टोबरात. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली देवनागरी. फाँट काढून घेतला की ‘चि. सौ. कां.’ची पार इंग्रजी खिचडी. पेस्ट केलेल्या इमोजीचं तिथं प्रश्नचिन्ह होतं, नाहीतर रिकामी चौकट. गिऱ्हाइकाला हे पटवून सांगणं मात्र महाकठीण. ‘मोबाइलवर फुकट येते न? मंग तुमच्या एवढ्या मोठ्या कम्प्युटरात काऊन येत नाही?’

प्रश्न रास्त आहे. खरं तर मोबाइल चित्र पाठवतच नाही, नुसता एक क्रमांक पाठवतो. चित्र काढतो तो समोरच्याच्या मोबाइलमधला फाँट. म्हणून तेच हात एकाच्या फोनवर एक दिसतात, दुसऱ्याच्या फोनवर वेगळे. कागदाला ही सोय नाही. तिथं कुणीतरी बसून ते हात काढावे लागतात.

भाचा काढतो. चिन्ह मोठं करून स्क्रीनशॉट घ्यायचा, कोरलड्रॉ या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ट्रेस करायचा, म्हणजे वरून गिरवायचा, मग रंग उडवून नुसती रेघ ठेवायची. रेघच का? तर कार्डं नागपुरातून गणपती छापूनच येतात, मजकूर तेवढा इथं स्क्रीनप्रिंटनं एका शाईत चढतो. पिवळे हात तसेच टाकले तर मरून रंगाच्या शाईत बोटांमधल्या बारीक रेघा भरून जातात. अशी एक पत्रिका मी स्वतः पाहिली आहे. ‘आपले नम्र’ या शब्दांखाली चक्क बटाटा होता.

बौद्ध लग्नाच्या पत्रिकेला वेगळी अडचण. मोबाइलवरचं धम्मचक्र बहुतेक वेळा जांभळ्या चौकोनात पांढरं येतं, एका शाईत त्याचा ठोकळा होतो. शिवाय त्याला आरे आठ. वरबाप बोट ठेवून मोजतो आणि म्हणतो, ‘हे नाही, झेंड्यावरचं पाह्यजे.’ झेंड्यावरचं चोवीस आऱ्यांचं. मग भाचा वर्तुळ काढतो, एक आरा काढतो, पंधरा-पंधरा अंशांनी फिरवत जातो. हे काम तो फार मन लावून करतो, आणि माझ्या मते दुकानात होणारं सगळ्यात देखणं काम तेच. स्वस्तिकाचं त्यामानानं सोपं, कार्डावर आधीच असतं. ते युनिकोडमध्ये चिनी अक्षरांच्या रांगेत बसलंय, हे मी एका यजमानांना हौसेनं सांगितलं, तर त्यांनी पत्रिका परत तपासून घेतली.

रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० ला ठरलं, आणि युनिकोडमध्ये इमोजीच्याच गाडीनं आलं. पण लोकांना तेवढाही धीर कुठला? तोवर कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या टिंबाच्या (`) जागी ₹ बसवलेला फाँट निघाला. फाँट असेल तिथं रुपया, नसेल तिथं नुसतं टिंब. पावतीवर आकड्याआधी तसं टिंब दिसलं, तर तो माशीचा प्रताप नव्हे. विंगडिंग्ज या चिन्हांच्या फाँटमध्येही हीच गंमत. कॅपिटल जे दाबला की हसरा चेहरा, एल दाबला की पडलेला. फाइल दुसऱ्या दुकानात गेली की उरतो नुसता जे.

सगळ्यात जपावं लागतं ते तेरवीच्या बॅनरला. एक काकाजी मजकूर घेऊन आले. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि पुढे डोळ्यांतून पाणी आलेले तीन चेहरे. मोबाइलवर ज्वारीच्या दाण्याएवढे, खरंच रडल्यासारखे वाटत होते. भाच्यानं ते स्क्रीनवर मोठे केले. सगळे दात बाहेर.

‘काकाजी, हे हासून हासून आलेलं पाणी होय.’

‘कायले हासते? रडते ना थे! पाय, डोयातून पाणी चाललं.’

‘दात पाहा न जी.’

काकाजींनी चष्मा वर केला, दात पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मंग म्या ग्रुपवर टाकलं त्याचं काय?’ त्यावर दुकानातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. बॅनरवर शेवटी एक गुलाब गेला.

यंदा भाच्यानं भिंतीवर कागद लावलाय : चिन्हाचे पैसे वेगळे, एका चिन्हाला दहा रुपये. मला हे धोरण पसंत आहे. हृदयं लगेच गेली, फटाके गेले, गुलाबावर घरात थोडी चर्चा होऊन तोही गेला. जोडलेले हात मात्र कुणी सोडत नाही. परवा एक वधूपिता कागद वाचून बराच वेळ हिशेब करत उभा होता. मग म्हणाला, ‘भाऊ, हे दहा रुपये दोन्ही हातायचे मिळून न?’