सामना हरला, सराव बंद

अमेरिकेतल्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ शेवटच्या मिनिटाला हरला, म्हणून कोचने चिडून त्याच रात्री त्यांना कोर्टच्या फेऱ्या मारायला लावायच्या, हे इथे चालत नाही. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएचा नियमच आहे: सामना संपला की त्या दिवशी सराव नाही. शिवाय हंगामात दिवसाला जास्तीत जास्त 4 तास, आठवड्याला 20 तास, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी तो 3 तासांचा धरतात. व्हिडिओ बघायला एकत्र बसवलं तर तेही त्याच 20 तासांत जमा होतं.

आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांतून तयार झालेले सर हे वाचून म्हणतील, पोरींना लाडावून ठेवलंय. अगदी तसं नाही. स्वतःहून जिममध्ये जाऊन शूटिंग केलं तर ते तासांत धरत नाहीत आणि कोचला त्याची सक्ती करता येत नाही. आता ज्या संघात जागेसाठी एवढी चुरस आहे, तिथे ‘स्वतःहून’ कोण जाणार नाही? तरीही नियमाचा खरा फायदा वेगळा आहे. लीगमध्ये बहुतेक आठवड्यांत दोन सामने असतात, म्हणजे हरल्यानंतर हातात जेमतेम दोन सराव येतात. सगळं सुधारायला वेळच नसतो. नेमकं काय सुधारायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि ते रागात ठरत नाही.

ठरवतात हिशेबाने. समजा संघाने 60 शॉट मारले, 22 पडले, त्यांतले 4 थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे. थ्रीला दीडपट वजन द्यायचं, म्हणून 22 मध्ये 2 मिळवायचे आणि 60 ने भागायचं: 40 टक्के. फारच कमी. पण लगेच शूटिंगच्या सरावाला धावायचं नसतं. व्हिडिओत आधी बघायचं की शॉट मोकळे होते का. मोकळे असून पडले नाहीत, तर बऱ्याचदा काही न बदलणं हेच बरोबर. आकड्यांची पुढची ओळ बघायची. त्याच सामन्यात 9 आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं), 18 टर्नओव्हर आणि 12 फ्री थ्रो असतील, तर पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या खेपा, किती? 60 वजा 9, अधिक 18, अधिक फ्री थ्रोच्या 0.475 पट, म्हणजे साधारण 75. त्यांतले 18 टर्नओव्हर, म्हणजे जवळपास दर चौथ्या वेळी शॉट न मारताच चेंडू गेला. त्यातही बाहेर गेलेला पास परवडला, कारण निदान डिफेन्स लावायला वेळ मिळतो. मधेच हिसकावलेला चेंडू थेट लेअप देऊन जातो.

टर्नओव्हरइतकीच नडणारी दुसरी गोष्ट म्हणजे बॉक्स-आउट, म्हणजे रिबाउंडसाठी समोरच्या खेळाडूला अंगाने अडवून मागे ठेवणं. दमलेल्या संघात पहिल्यांदा हेच ढिलं पडतं, आणि कारण ठरलेलं: शॉट सुटला की सगळ्या जणी चेंडूकडे बघत उभ्या राहतात. बरोबर क्रम असा. शॉट सुटताच आधी आपली खेळाडू शोधायची. छातीसमोर आडव्या धरलेल्या हाताने तिला अडवायचं. मग वळून तिला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून खाली बसायचं, आणि त्यानंतरच चेंडूवर जायचं. दोन्ही हातांनी घेऊन हनुवटीखाली, कोपरं बाहेर. कोपऱ्यातून चुकलेला शॉट बहुतेकदा पलीकडच्या बाजूला पडतो आणि थ्रीचा रिबाउंड लांब उडतो. म्हणून चेंडूपासून दूर असलेल्या मुलीचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि झोपते नेमकी तीच. सरावाला चार विरुद्ध चार लावतात. डिफेन्सने सलग तीन वेळा शॉट चुकवायला लावून रिबाउंड घ्यायचा. एकही आक्रमक रिबाउंड सुटला की मोजणी पुन्हा शून्यावर.

या सरावात समोर खेळतात मुलगे, ही मला इथली सगळ्यात हुशार सोय वाटते. त्याच कॉलेजचे, पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी. ना पैसे, ना शिष्यवृत्ती. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून ते मुलींविरुद्ध खेळतात. ते उंच उडतात, म्हणून अर्धा क्षण उशिरा केलेला बॉक्स-आउट लगेच उघडा पडतो. यावर इथेच आक्षेपही आहे, आणि तो खोटा नाही: बाकावरच्या मुलींची सरावातली मिनिटं मुलगे खातात. 2006 मध्ये एनसीएएच्याच महिला क्रीडा समितीने ही पद्धत बंद करा म्हणून सांगितलं होतं. झाली नाही. दोन सरावांत संघ सावरायचा तर ती हवीच, असं माझं मत.

सावरणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर कनेटिकट विद्यापीठाचा मुलींचा संघ घ्या. 6 फेब्रुवारी 2025 ला टेनेसीकडून 80-76 हरले. दहाच दिवसांनी साउथ कॅरोलिनाच्या घरात जाऊन त्यांना 87-58 धुतलं आणि त्यांची घरच्या कोर्टवरची सलग 71 विजयांची मालिका तोडली. पुढे हंगामात एकही सामना हरले नाहीत आणि अंतिम सामन्यात पुन्हा साउथ कॅरोलिनालाच 82-59 हरवून बारावं विजेतेपद घेतलं.

आता कोणी म्हणेल, आपल्याला हे का जमत नाही. अहो, मोठ्या कॉलेजांत इथे व्हिडिओ कापायला माणूस वेगळा, फिजिओ वेगळा, वजनं उचलून घ्यायला कोच वेगळा, आणि मुलींची फी, राहणं, जेवण शिष्यवृत्तीत. आपल्याकडे एकच सर शिट्टी वाजवतात, चेंडूत हवा भरतात आणि रेल्वेची तिकिटंही काढतात. तेवढ्यावर आपल्या मुली खेळतात, याचं कौतुक इथल्या कुणाला नाही. फक्त पझेशनच्या हिशेबाला लॅपटॉप लागत नाही. कागदावर शॉट, आक्रमक रिबाउंड, टर्नओव्हर आणि फ्री थ्रो असे चार रकाने आखायचे, बाकावरच्या एका मुलीला पेन द्यायचं आणि खुणा दर क्वार्टरला वेगळ्या करायला सांगायच्या, म्हणजे संघ कुठल्या क्वार्टरला ढेपाळला तेही दिसतं.