बाबांना घेऊन ड्यूसबुर्गच्या भट्टीवर

बाबा जर्मनीत आले आणि तिसऱ्याच दिवशी चर्चना कंटाळले. "सगळी सारखीच की गं," म्हणाले. उभी हयात कोल्हापूरला, शिरोलीच्या फाउंड्रीत काढलेला माणूस. मग शनिवारी ड्युसेलडॉर्फहून त्यांना ड्यूसबुर्गच्या लांडशाफ्ट्सपार्कला नेलं.

इथे थिसन या पोलाद कंपनीचा कच्च्या लोखंडाचा कारखाना होता. 1985 ला भट्टी विझली आणि 1994 मध्ये त्याच जागी बाग लोकांसाठी उघडली. पेटर लाट्झ या रचनाकाराने पाडापाडी फारशी केलीच नाही. धुराडी, पाइप, बंकर सगळं जागच्या जागी ठेवून मध्ये झाडं वाढू दिली. खनिजाच्या बंकरच्या भिंतींवर आता लोक गिर्यारोहणाचा सराव करतात. गॅसच्या भल्यामोठ्या टाकीत पाणी भरलंय, त्यात डायव्हिंग शिकवतात.

पण खरी मजा 5 नंबरच्या भट्टीवर. उंची साधारण 70 मीटर, चढायला पैसे नाहीत. पायऱ्या लोखंडी जाळीच्या, पायाखाली आरपार जमीन दिसते. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं! मी मध्येच एका कठड्याला धरून उभी राहिले, बाबा मात्र थेट वर. थोड्या वेळाने फोन: "अगं ये की, ऱ्हाईन नदी दिसतीया."

उतरताना भट्टीच्या पायथ्याशी ते बराच वेळ रेंगाळले. "हितनं रस सुटत असणार बघ. ह्या नालीतनं लोखंड, आणि स्लॅग म्हंजे मळी वर तरंगतंय, ते तिकडनं वळवायचं." शेजारून चाललेलं एक जर्मन जोडपं थांबून ऐकायला लागलं, कळलं काय असेल देव जाणे. पुढे पियात्सा मेटालिका नावाचा चौक आहे, कारखान्यातल्याच 49 लोखंडी प्लेटा जमिनीवर अंथरलेल्या. उष्णतेने आणि गंजाने त्यांना खड्डे पडलेत. बाबा उकिडवे बसले, एका खड्ड्यात अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बिडाचं हाय."

जाणाऱ्यांसाठी: ड्यूसबुर्ग स्टेशनवरून 903 नंबरची ट्राम, 'लांडशाफ्ट्सपार्क नोर्ड'ला उतरा, पुढे थोडं चालायचं. डॉइचलांड-टिकीट (देशभर चालणारा मासिक पास) असेल तर प्रादेशिक गाड्या आणि ट्राम त्यावरच होतात, आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी मात्र चालत नाही. बागेला प्रवेश फुकट, दिवसरात्र उघडी. बूट घाला, चपला आणि उंच टाचा जाळीवर नकोतच. वर वारा भणाणतो, जूनमध्येसुद्धा जाकीट लागलं. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा डबा बरोबर असू द्या.

रंगीत दिव्यांची रोषणाई शुक्रवार ते रविवार रात्री असते. उन्हाळ्यात अंधारच दहाच्या पुढे पडतो, हे आम्ही विसरलो. साडेनऊपर्यंत थांबलो, मग गाडीच्या धास्तीने निघालो. हिरवी-निळी भट्टी बाबांनी शेवटी ट्राममध्ये माझ्या मोबाइलवर बघितली. "चालू असताना लालच दिसत असणार," म्हणाले आणि फोन परत दिला.