वेड पांघरून एल्सिनोरला

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात, एसटीत, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी मी खुर्चीत आ वासून पडलेला असताना विचारलं, "तुम्ही हॅम्लेट केला होता ना? मग तो खरंच वेडा होता की सोंग?"

पूर्वी मी ठासून सांगायचो, सोंग! पहिल्या अंकातच तो मित्राला, होरेशिओला, शपथ घालतो, मी उद्या विचित्र वागलो तरी तुम्हाला काही ठाऊक असल्याचं दाखवू नका. तिसऱ्या अंकात आईला सांगतो, वेड हा माझा डाव आहे. आणखी काय हवं?

पण डाव कशासाठी? इथे माझी गाडी अडायची. 1200च्या सुमारास सॅक्सो या इतिहासकाराने लिहिलेल्या डेन्मार्कच्या इतिहासातला आम्लेथ, म्हणजे मूळचा हॅम्लेट, मला समजतो. चुलत्याने बापाला मारलं हे तिथे जगजाहीर. पोरगा शहाणा दिसला की त्याचाही नंबर. म्हणून तो घाणीत लोळतो, चुलीपाशी लाकडाचे आकडे करत बसतो. कशाला रे, विचारलं तर खरंच सांगतो, बापाच्या सुडासाठी. सगळे हसतात. शेवटी त्याच आकड्यांनी तो झिंगलेल्या दरबाऱ्यांना पडद्याखाली जखडतो आणि वाडा पेटवतो. याला म्हणतात वेड पांघरून पेडगावला जाणं! शेक्सपिअरने मात्र एल्सिनोरच्या राजवाड्यात खून गुप्त ठेवला. पुतण्याला काही कळलंय हे खुनी चुलत्याच्या, क्लॉडियसच्या, गावीही नसतं. त्याला संशय येतो तो वेडामुळेच. हे कसलं धोरण?

असो. मी हा प्रश्न टाळतो त्याचं कारण सॅक्सो नाही.

कॉलेजचा प्रयोग होता. हॅम्लेटने प्रेयसीला, ऑफेलियाला, झिडकारण्याच्या प्रवेशात मी तिचं मनगट नुसतं धरायचं, असं तालमीत ठरलेलं. प्रयोगात मी ते पिळलं. चुकून जोर लागला, असं मी वर्षानुवर्षं सांगितलं. नाही, पिळलंच. देवा, याला सावर, हे तिचं वाक्य रडत आलं आणि टाळी पडली. विंगेत ती रुमालात बर्फ घेऊन बसलेली. मी म्हटलं, "अगं, मी भूमिकेत होतो."

"मीपण होते," ती म्हणाली.

आदल्या दिवशी तिने माझ्या चालीची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. तो राग होता का? होता. म्हणून पिळलं? इतकं सोपंही नसावं. की हेही मी स्वतःला सोडवायलाच म्हणतोय?

पाचव्या अंकात ऑफेलियाच्या भावाची, लाएर्टिसची, माफी मागताना हॅम्लेट म्हणतो, तुझा अपराध मी केला नाही, माझ्या वेडाने केला. तालमीत मला हे वाक्य फार आवडायचं. त्या रात्री विंगेत ती दिसत होती. प्रॉम्प्टरने दोनदा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग होता. ती पूर्ण बाह्यांचा झगा घालून आली. मी तिला हात लावला नाही. सर म्हणाले, आज तो प्रवेश पडला.